हळदीवर आम्लाचा थेंब टाकला, गुलाबी झाली. आता?

शाळाबाई (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी मिरज तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांबरोबर भेसळ ओळखायचा एक उपक्रम घेतलाय. प्रत्येकाने घरून कागदाच्या पुडीत चमचाभर हळद आणायची. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर चिमूटभर हळद आणि तिच्यावर ड्रॉपरने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. थेंब मी स्वतः टाकते, चष्मा आणि हातमोजे घालून; मुलं चार हात लांब. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग मिसळलेला असेल तर हळद गुलाबी-किरमिजी होते, असं वाचलं होतं.

सतरा पुड्या होत्या. सतराही गुलाबी झाल्या.

त्यातल्या अकरा पुड्या गावातल्या एकाच दुकानातल्या निघाल्या. मुलांनी घरी जाऊन सांगितलं आणि संध्याकाळी दोन पालक त्या दुकानदाराच्या दारात उभे. मला हे आज सकाळी कळलं. तो माणूस सालस आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी खाऊ देतो. खरंच भेसळ असेल तर लपवायची नाही, आणि नसेल तर त्याच्यावर आळ यायला नको. इथे रसायनातली माणसं आहेत म्हणून विचारते: एका थेंबावर कितपत विसंबायचं? आणि तुम्ही कुणी अशा थेंबाच्या चाचण्या करता का? अनुभव लिहा.

हरिपूरकर (९.५२)

बाई, सतराच्या सतरा भेसळीच्या? सांगलीत? पटत नाही. आमच्या आजोबांची हरिपुरात पेवं होती. वीस-पंचवीस फूट खोल, आतून शेणामातीनं लिंपलेली, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि तो सगळा व्यवहार खचला. पण हळदीचं नाव नाही खचलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. थेंबाचंच काहीतरी चुकतंय.

थेंबेथेंबे (१०.१५)

हरिपूरकरांचा अंदाज बरोबर आहे. थेंब चुकलेला नाही, चाचणी अर्धी राहिलीय.

बाई, शुद्ध हळदसुद्धा तीव्र आम्लात लाल-गुलाबी होते. हळदीतलं कर्क्युमिन फार तीव्र आम्लात रंग बदलतं. फरक त्याच्या पुढच्या पायरीत आहे. गुलाबी झाल्यावर त्यात थोडं पाणी घाला. शुद्ध हळदीचा गुलाबी रंग लगेच जातो आणि पिवळा परत येतो. मेटॅनिल यलो असेल तर किरमिजी रंग टिकून राहतो.

कारण असं: मेटॅनिल यलो हे स्वतःच एक दर्शक, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणारा पदार्थ आहे. पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण १.२ च्या खाली ते लाल, २.३ च्या वर पिवळं. तीव्र आम्लात पाच-दहा पट पाणी घातलं तरी ते मिश्रण मेटॅनिल यलोला लाल ठेवण्याइतकं आंबट असतं, पण कर्क्युमिनला तेवढं पुरत नाही. म्हणून पाणी थेंबाने मोजून घाला. भसाभस ओतलंत तर मेटॅनिल यलोही पिवळं होईल आणि भेसळीची हळद शुद्ध ठरेल.

आणखी एक. टाइलवर करण्यापेक्षा हळद काचेच्या छोट्या नळीत थोड्या स्पिरिटमध्ये हलवा, पाच मिनिटं बसू द्या, वरचा पिवळा निथळ घ्या. आधी तो, मग आम्ल, मग पाणी. कोरड्या पुडीवर आम्ल पडलं की कडेला एक रंग, मध्ये दुसरा, आणि डोळा फसतो. आम्ल आणि स्पिरिट दोन्ही असल्यामुळे जवळ दिवा किंवा बर्नर नको, खिडक्या उघड्या हव्यात.

आता मुख्य प्रश्न: तुमच्या पूर्ण खात्रीच्या हळदीवर थेंब टाकून बघितलात का?

शाळाबाई (१०.३१)

नाही. हे सुचायला हवं होतं. आमच्या जाऊबाईंच्या रानातली हळद घरात आहे, शिजवण्यापासून दळण्यापर्यंत सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. उद्या पहिला थेंब तिच्यावर.

थेंबेथेंबे (१०.३८)

उद्या खळग्यांच्या पांढऱ्या थाळीत तीन खळगे घ्या. पहिल्यात जाऊबाईंची हळद, दुसऱ्यात दुकानची, तिसऱ्यात हळदच नाही, नुसतं स्पिरिट. तिन्हींत तेच आम्ल, तेच पाणी, तेवढेच थेंब. जमलं तर चौथ्यात मुद्दाम भेसळ केलेली हळद. सांगली-मिरजेच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मेटॅनिल यलो चिमूटभर मिळून जाईल. भेसळीचा रंग एकदा डोळ्यांनी पाहिलेला असला की पुन्हा गफलत होत नाही. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. नव्या पोराला पहिला महिना कोरा नमुना (ज्यात तपासायचा पदार्थच नाही) आणि माहितीचा नमुना एवढंच करायला लावायचो. कंटाळायची पोरं. पण पुढे त्यांच्या अहवालावर कुणी बोट ठेवू शकलं नाही.

अजिंक्यतारा (बुधवार, सकाळी ७.०५)

साताऱ्याहून नमस्कार. सोपा उपाय सांगतो. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, हळदीवर एक थेंब. निळं-काळं झालं की पीठ मिसळलंय. आम्ही घरी खव्यावर करतो.

थेंबेथेंबे (७.४०)

अजिंक्यतारा, खव्यावर एकदम योग्य, हळदीवर मात्र अजिबात नको. हळकुंड म्हणजे जमिनीखालचा कंद, त्याच्यात स्वतःचाच भरपूर स्टार्च असतो. शुद्धातली शुद्ध हळदही आयोडीननं काळी होणार. बाईंनी हे केलं तर आज आणखी दोन पालक दुकानात जातील.

अजिंक्यतारा (७.५८)

बरं झालं सांगितलंत, हे लक्षातच आलं नव्हतं. खव्याचं मात्र खात्रीनं लिहितो, कारण आमच्याकडे कंदी पेढ्यांचं घरगुती काम आहे. खवा घेताना कपात चिमूटभर खवा, वर पाणी, एक उकळी. आणि मग पूर्ण गार होऊ द्यायचं. पहिल्या वर्षी मी घाईनं गरम पाण्यातच थेंब टाकायचो. निळं होतच नव्हतं, आणि मी खूश. एकदा तोच कप ओट्यावर राहिला, गार झाल्यावर बघतो तर शाईसारखा निळा. गरमपणी निळा रंग टिकत नाही हे तेव्हा कळलं. तोवर किती खवा तसाच घेतला असेल याची अजून चुटपुट लागते.

माहेरवाशीण (९.२०)

बाई, "पी हळद आणि हो गोरी" असं चाचणीत चालत नाही बघा :)

तुमच्या धाग्यामुळे आजी आठवली. ती कुंकू घरी करायची. हळकुंडाच्या तुकड्यांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून मुरत ठेवायची, मग सावलीत वाळवायची. पिवळी हळद दिवसागणिक लाल होत जायची. आम्ही पोरी रोज परातीवरचं फडकं उचलून बघायचो. वाळवण घातलेल्या खोलीला एक आंबूस-मातकट वास असायचा, तो अजून नाकात आहे. बाजारचं कुंकू मिळायला लागल्यावर तिनं ते सोडलं. मला कायम वाटायचं लिंबूच लाल करतं. पण नुसतं लिंबू पिळलं तर हळद पिवळीच राहते की! मग लाल कशानं होते?

थेंबेथेंबे (९.४५)

माहेरवाशीण, आजींच्या परातीत बोरॉनची चाचणीच चालली होती.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. लिंबाच्या आम्लानं त्यातून बोरिक आम्ल सुटतं, आणि वाळता वाळता कर्क्युमिनचं बोरॉनशी लाल संयुग तयार होतं. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात तो याच तत्त्वावर. शाळाबाई, हे मुलांकडून जरूर करून घ्या: हळद स्पिरिटमध्ये भिजवा, गाळण कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. कॅरमची पावडर म्हणजे बहुतेक वेळा बोरिक आम्लच. ती पाण्यात विरघळवून एक थेंब पट्टीवर टाका आणि वाळू द्या. तांबूस-तपकिरी डाग येईल.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, तीही लाल होईल. दोन लाल डाग, दिसायला सारखे. कुठला कशाचा? चुन्याच्या डागावर लिंबू पिळा, पिवळा होईल. बोरॉनचा डाग लिंबाला दाद देत नाही. आणि बोरॉनच्या डागावर खाण्याच्या सोड्यापेक्षा जोरकस अल्कली, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकलात तर तो हिरवट-काळा होतो. एक थेंब संशय देतो, दुसरा तो फेडतो.

गलाईवाला (दुपारी १.१०)

मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. सध्या कोईमतूरला. आमच्या भागातली निम्मी गावं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली, इथे सांगायला नकोच. तुम्ही ज्याला थेंबाची चाचणी म्हणता त्याच्यावर आमचं पोट आहे.

कसोटीचा दगड काळा, तळहाताएवढा. त्याच्यावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या टंचाच्या (शुद्धतेच्या) सोन्याची रेघ. दोन्हींवर एकदमच तेजाबाची, म्हणजे नायट्रिक आम्लाची काडी फिरवायची. पितळ असेल तर रेघ फेसाळून हिरवट होत पुसली जाते. हलकं सोनं काळवंडतं. चांगलं सोनं जागचं हलत नाही. थेंबेथेंबे काका ज्याला माहितीचा नमुना म्हणतात ती आमची शेजारची रेघ. तिच्याशिवाय बोललेला टंच माझे चुलते मानायचेच नाहीत. "एकटी रेघ मुकी असते" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मुलामा दिलेला माल नुसता घासून कळत नाही. कानशीनं खाच पाडून आतली रेघ घ्यावी लागते.

चांदीचं वेगळं. तेजाबात विरघळलेल्या चांदीत मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की दह्यासारखं पांढरं साकळतं आणि उन्हात ठेवलं की जांभळट-करडं होतं. एकदा मी नळाचं पाणी वापरलं आणि नुसत्या पाण्यानंच गढूळ झालं. त्या पाण्यातच क्षार होते! तेव्हापासून आधी कोऱ्या पाण्यावर थेंब. काका, तुमच्या तिसऱ्या खळग्याची गोष्ट मी अशी शिकलो.

सोन्याच्या पाण्यात, म्हणजे अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळलेलं सोनं शिल्लक आहे का हे बघायला स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाकतो. गाळण कागदावर जांभळा-काळा डाग आला की सोनं आहे. पिंपभर धुणावळीत किती दडलंय हे तो एक डाग सांगतो.

बाई, एक विनंती. तेजाबाचा तांबूस धूर मुलांना दाखवायला म्हणूनसुद्धा करू नका. तो छातीत बसतो आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. आमच्या बंद खोल्यांत काम केलेल्या किती जणांना दम लागतो ते मी बघतोय.

शाळाबाई (१.३५)

दादा, तेजाबाला हात लावणार नाही, शब्द देते. आणि "निकष" या शब्दाचा मूळ अर्थच कसोटीचा दगड असा आहे, हे मुलांना सांगायचं आत्ताच ठरवलं.

स्पष्टवक्ता (२.०२)

सगळं छान आहे, पण मला हा प्रकारच धोकादायक वाटतो. थेंब टाकून रंग बघायचा आणि गावभर बभ्रा करायचा. अन्न तपासायला सरकारमान्य प्रयोगशाळा आहेत, लाखो रुपयांची यंत्रं आहेत. किती मिसळलंय हे थेंब सांगतो का? नाही. न्यायालयात चालतो का? नाही. मग शाळेत शिकवायचं कशाला?

थेंबेथेंबे (२.५०)

स्पष्टवक्ता, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हीच बरोबर दिलीत. तिसऱ्याशी माझं भांडण आहे.

थेंब "किती" सांगत नाही, "आहे का" सांगतो, आणि ते फार बारकाईनं सांगतो. निकेलसाठी डायमिथाइल ग्लायऑक्झाइम वापरतात. चुगाएव या रशियन रसायनशास्त्रज्ञानं १९०५ मध्ये ते दाखवलं. अमोनियाच्या संगतीत गुलाबी-लाल रंग येतो. ०.०५ मिलिलिटरच्या थेंबात ०.१६ मायक्रोग्रॅम निकेल असलं तरी दिसतो, म्हणजे साधारण तीन लाख भागांत एक भाग.

ही विद्या नीट बांधून काढली फ्रिट्झ फाइगल यांनी. जन्म १८९१, व्हिएन्नाचे. प्रत्येक चाचणीला कमीत कमी किती पदार्थ दिसतो आणि दुसरं काय आड येतं, हे त्यांनी एकेक करून तपासून मांडलं. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये नात्झींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांना देश सोडावा लागला. पुढे ते ब्राझीलला पोहोचले आणि तिथल्या खनिज विभागाच्या प्रयोगशाळेत हेच काम केलं. १९७१ मध्ये रिओत वारले. घरदार सुटलेल्या माणसाला गाळण कागद, ड्रॉपर आणि खळग्यांची पांढरी थाळी एवढ्यावर काम पुन्हा उभं करता आलं, याचं मला फार वाटतं. आपल्या शाळांकडे नेमकं तेवढंच आहे.

शंभर पुड्यांतल्या कुठल्या तीन प्रयोगशाळेत पाठवायच्या हे थेंब ठरवतो. शंभरच्या शंभर पाठवायला कुणाकडे पैसे आहेत?

स्पष्टवक्ता (३.१५)

तीन पुड्या निवडायला वापरा, त्याला माझी हरकत नाही. पण मग मुलांना पहिल्या दिवशी हे सांगायला हवं की गुलाबी रंग म्हणजे निकाल नव्हे. तो दुकानदार माझा कुणी लागत नाही, पण त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिलं.

शाळाबाई (३.२२)

तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते योग्यच आहे.

द्राक्षबाग (रात्री ८.४५)

तासगाव तालुका. दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. स्पष्टवक्ते, शेतकऱ्यानं काय करायचं सांगा. पानं पिवळी पडली, झिंक सल्फेटच्या पिशव्या आणल्या, ठिबकमधून सोडलं, पंधरा दिवस झाले तरी फरक नाही. दुकानदार म्हणतो पाणी कमी पडलं. मग माझ्या भावकीतला शेती पदवीधर पोरगा आला. त्यानं काचेच्या पेल्यात ते खत विरघळवलं आणि कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी थेंब थेंब सोडलं. पांढरा, खळीसारखा साका आला. म्हणला आता बघा काका, खरं झिंक असेल तर जास्त दाट कॉस्टिक घातल्यावर हा साका विरघळेल. घातलं. साका हाय तसाच. मॅग्नेशियम सल्फेट होतं ते! झिंकच्या किमतीत मॅग्नेशियम.

मग शेजाऱ्याकडच्या खात्रीच्या पिशवीतलं चमचाभर आणून तसंच केलं. साका आला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. दोन पेले शेजारी शेजारी ठेवले तवा घरच्यांना पटलं. पुढं कृषी खात्याकडं रीतसर नमुना दिला, निकाल तोच आला. पण तो नमुना द्यायचं धाडस त्या दोन पेल्यांनी दिलं. नाहीतर मी पाण्यालाच दोष देत बसलो असतो.

डीएपी या दाणेदार खताची तर तळहातावरची चाचणी आहे. चार दाणे, चिमूटभर खायचा चुना, तंबाखूसारखं चोळायचं. नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास आला पाहिजे. हात लगेच धुवा.

जावळीकर (१०.०५)

आमच्या डोंगरात हिरडा भरपूर. बोअरच्या पाण्यात लोह आहे का हे बघायला गावातली जुनी माणसं हिरड्याचा काढा वापरायची. पांढऱ्या कपात पाणी, वर काढ्याचे दोन-चार थेंब. लोह असेल तर पाणी हळूहळू काळं-निळं पडतं, हवा लागेल तसं आणखी गडद. जुनी शाईसुद्धा हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांचीच.

हे किती जुनं असावं? रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की तांब्याच्या जंगालात (हिरव्या गंजात) लोखंडाचा क्षार मिसळलाय का हे बघायला मायफळाच्या (ओक झाडावरच्या तुरट गाठींच्या) अर्कात भिजवलेला पपायरस वापरायचे. भेसळ असेल तर तो काळा पडायचा. झाड वेगळं, तुरटपणा तोच.

माहेरवाशीण (१०.२०)

अवांतर: थेंबेथेंबे काका, माझ्या लेकीला खोट्या कानातल्यांनी पुरळ उठतं. तुमची निकेलची चाचणी घरी जमेल का?

थेंबेथेंबे (१०.४१)

जमेल. कापसाच्या बोळ्यावर डायमिथाइल ग्लायऑक्झाइमचं स्पिरिटमधलं द्रावण एक थेंब आणि अमोनियाचा एक थेंब. कानातल्याच्या दांडीवर अर्धा मिनिट घासा. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय, ते कानातलं बाजूला ठेवा. गुलाबी झाला नाही तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नका. वरचा मुलामा झिजल्यावर महिन्यानं पुन्हा बघा. गलाईवाल्यांच्या कानशीची गोष्ट इथेही लागू आहे.

शाळाबाई (गुरुवार, संध्याकाळी ६.१५)

केलं. सविस्तर लिहिते.

चार खळगे. चौथ्यातला रंग महाविद्यालयातून आणला, त्यांनी खरंच चिमूटभर दिला. आम्लाचा थेंब पडल्यावर तिन्ही हळदी गुलाबी झाल्या, जाऊबाईंचीसुद्धा. नुसतं स्पिरिट तसंच राहिलं. मग मुलांना मोठ्यानं मोजायला लावून पाण्याचे थेंब टाकत गेले. सातव्या-आठव्या थेंबाला जाऊबाईंची हळद पिवळी झाली. पाठोपाठ दुकानची. चौथा खळगा वीस थेंबांनंतरही जांभळाच्या रसासारखा. वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे दुकानवाल्या काकांचं चुकलं नव्हतं."

सतराही पुड्या पुन्हा तपासल्या. सोळा पिवळ्यावर आल्या. एक फिकट गुलाबी राहिली. ती आठवडी बाजारातून सुटी आणलेली. तिचं नाव वर्गात घेतलं नाही. त्या मुलाच्या आईला बोलावून सांगितलं की ही संशयाची आहे, निकाल नाही. पुडी बंद करून प्रयोगशाळेत पाठवतोय.

शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन त्या दुकानात गेले. त्या दोन पालकांनाही बोलावलं होतं. टाइल, ड्रॉपर सगळं बरोबर नेलं आणि काउंटरवर त्यांच्यासमोर सगळं पुन्हा केलं. आधी माझी माफी, मग थेंब. ते काहीच बोलले नाहीत, पाणी पडून रंग परतेपर्यंत टाइलकडे बघत राहिले. मग आतून हळदीचं पोतं ओढून आणलं आणि म्हणाले, "बाई, याच्यावर पण टाका, हे कालच आलंय."

हरिपूरकर (६.३०)

डोळ्यांत पाणी आलं वाचून.

स्पष्टवक्ता (६.४८)

माफी मागायला गेलात, तेही मुलांसमोर. माझी हरकत मागे.

शाळाबाई (७.०२)

गलाईवाले दादा, एक विचारायचं होतं. मुलांना कसोटीचा दगड बघायचाय. तेजाब नको, नुसती रेघ. कुठे मिळेल?

गलाईवाला (९.१५)

विकत घेऊ नका. चुलत्यांचा दगड माझ्याकडे आहे, मधोमध घासून खोलगट झालेला. दिवाळीला गावी येतोय, सुट्टी संपली की शाळेत घेऊन येतो. पितळेची एक तार आणि माझ्या अंगठीची रेघ, दोन्ही शेजारी शेजारी ओढून दाखवतो.